कंसातले दहा हजार

विमा हा काही महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी कविता कराव्यात, कथा लिहाव्यात, फार तर परीक्षापद्धतीवर कोरडे ओढावेत. पॉलिसी, हप्ता आणि घसारा ही वाणिज्य शाखेची जहागीर. संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने तर विषय ऐकून कपाळाला हात लावला. तरीही मी हट्टाने याच विषयावर लिहीत आहे. कारण विम्याचे न्याय्य पैसे मिळणे वा न मिळणे हा प्रश्न माझ्या अनुभवात तरी हिशेबाचा निघाला नाही. तो वाचण्याचा आणि लिहिण्याचा निघाला. आणि वाचणे-लिहिणे हा तर आपला, कला शाखेचाच धंदा!

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाला पुराची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर आजीने २००५ च्या पुराची रेघ कोळशाने ओढून ठेवली होती. 'याच्या वर पाणी यायचं नाही' असे ती म्हणायची. २०१९ च्या ऑगस्टात ती रेघ पाण्याखाली गेली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मी तेव्हा नववीत होते. आजीला पाठुंगळी घेऊन बाबा बाहेर पडले, आईने देव आणि रेशनकार्ड घेतले, मी माझे दप्तर घेतले. आठवडाभर आम्ही उंचावरच्या वस्तीत, बाबांच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी होतो. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता आणि आजीची रेघ कुठे होती तेही ओळखू येत नव्हते.

चिखल काढायला गाव लोटले. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आली, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून अनोळखी माणसे टँकर आणि फावडी घेऊन आली. त्या उपकाराचे मोल करता येणार नाही. सरकारचे सानुग्रह अनुदानही मिळाले. आणि चिखल निघाल्यावर कुणीतरी बाबांना विचारले, "घरावर बँकेचं कर्ज आहे ना? मग विमा असणारच. बघा की जरा." बाबांना खरोखरच आठवत नव्हते. कर्ज घेताना दहा-पंधरा ठिकाणी सह्या केल्या होत्या, त्यांतली एक विम्याची होती. हप्ता कर्जाच्या खात्यातून परस्पर जात होता. पॉलिसीचा कागद मात्र घरात कधी आलाच नव्हता. तो बँकेच्या फायलीत सुखरूप आणि कोरडा होता!

माझ्या मते सारे अनर्थ इथून सुरू होतात. ज्या कागदासाठी आपण वर्षानुवर्षे पैसे भरतो, तो आपण पाहिलेलाच नसतो. बाबांनी बँकेतून त्याची प्रत आणली तेव्हा आईला पहिला धक्का बसला. विमा घराचा होता, घरातल्या वस्तूंचा नव्हता. 'घर' या शब्दाचा अर्थ आईच्या लेखी फडताळ, फ्रीज, शिवणयंत्र, गाद्या, माझी पुस्तके असा सगळा मिळून होता. कंपनीच्या लेखी घर म्हणजे पाया, भिंती, छप्पर आणि फरशी. बँकेला तिच्या कर्जापुरते तारण सांभाळायचे होते. शिवणयंत्राशी तिला काय देणेघेणे? यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. पण एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि ते कोणी आम्हांला सांगितले नव्हते.

आता आमची चूक सांगते. ती सांगितल्यावाचून पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. नुकसानीची यादी करायला बसलो तेव्हा ओळखीचे एक गृहस्थ सल्ला द्यायला आले. "कंपनी निम्मं कापणारच, तेव्हा आपण आधीच वाढवून लिहावं," हा त्यांचा सिद्धान्त. न्हाणीघराची मागची भिंत दोन वर्षांपूर्वीच पडली होती. तीही यादीत घालावी, असे त्यांनी सुचवले. बाबांचा हात क्षणभर थांबला, पण घातली. बावीस हजार रुपये. यादी माझ्या अक्षरात होती, म्हणजे ते खोटे माझ्याच हाताने लिहिले गेले.

पूर ओसरून बारा दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर आला. थकलेला, घामेजलेला, साधा माणूस. त्या दिवसातले आमचे त्याचे नववे घर होते. त्याने यादी पाहिली, भिंतीपाशी गेला आणि पायरीवर बसलेल्या आजीला सहज विचारले, "आजी, ही भिंत कधी पडली?" आजी म्हणाली, "ती होय? ती पडून दोन वर्षं झाली की!" बाबा खाली बघू लागले. सर्व्हेअर काही बोलला नाही. त्याने फक्त यादीवर एक रेघ मारली, आणि त्यानंतर आमच्या प्रत्येक खऱ्या ओळीकडे तो संशयाने पाहू लागला. पुढे कळले की दावा कोणत्याही बाबतीत खोटा निघाला तर सगळाच हक्क बुडतो, असे पॉलिसीतच लिहिलेले असते. आम्ही ती भिंत मागे घेतली आणि त्या माणसाने ते तेवढ्यावर सोडले, हे आमचे नशीब. न्याय मागायला निघालेल्याने आधी आपले हात धुऊन घ्यावेत, हे मी त्या दिवशी शिकले.

नोव्हेंबरात कंपनीचे पत्र आले. दुरुस्तीचा मान्य खर्च २,४०,००० रुपये. देय रक्कम ७४,००० रुपये. सोबत एक पावती. 'पूर्ण व अंतिम समाधानाप्रीत्यर्थ' रक्कम स्वीकारली, असे लिहून खाली सही करायची. बाबांनी पेन उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक प्रकारची कृतज्ञता होती. "काहीच नसतं मिळालं तर काय केलं असतं?" असे ते म्हणाले. आणि मला वाटते, दोष इथे आहे. सरकारने दिलेले अनुदान 'सानुग्रह' होते. अनुग्रह म्हणजे कृपा, आणि कृपेचे माप काढायचे नसते. विम्याचे पैसे तसे नाहीत. ती देणगी नव्हे, मदत नव्हे; आगाऊ पैसे घेऊन दिलेले ते वचन आहे. आपण मात्र दोन्हींपुढे सारखेच हात जोडतो.

ज्यांच्या घरी आम्ही राहिलो होतो, त्या सरांनी बाबांना थांबवले. सर आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवत होते. "सही उद्याही करता येईल. आधी हे वाचू," असे म्हणून त्यांनी पॉलिसी टेबलावर पसरली, शब्दकोश काढला आणि मला शेजारी बसवून घेतले. बारीक टाइपातली ती पाने आम्ही तीन संध्याकाळी वाचली. त्या तीन संध्याकाळी मी जे इंग्रजी शिकले, ते पुढे कोणत्याच वर्गात शिकले नाही.

२,४०,००० चे ७४,००० कसे झाले, ते आधी समजून घेतले. घर वीस वर्षांचे जुने, म्हणून तीस टक्के घसारा. उरले १,६८,०००. यावर आमचे म्हणणे नव्हते; जुन्या पॉलिसीत जुन्या भिंतीची किंमत नव्या भिंतीइतकी धरत नाहीत. त्यानंतर प्रमाणशीर कपात. घराची किंमत कंपनीने १६ लाख धरली होती आणि विमा होता कर्जाइतकाच, ८ लाखांचा. म्हणजे अर्ध्या घराचाच विमा. उरलेल्या अर्ध्याचे विमेदार आपण स्वतःच. म्हणून नुकसानभरपाईही अर्धी, ८४,०००. हे कलम वाचून मला आधी फार राग आला. पण सरांनी समजावले, की अर्ध्या मालाचे भाडे देऊन पूर्ण मालाची जबाबदारी गाडीवाल्यावर टाकता येत नाही. आणि शेवटी, प्रत्येक दाव्यातून विमेदाराने सोसायची पहिली रक्कम म्हणून आणखी १०,००० वजा. उरले ७४,०००. बेरीज-वजाबाकी अगदी बिनचूक होती!

पण सर वाचत राहिले. पहिल्या काही हजारांची कपात करण्याचे जे कलम होते, त्याच्या आरंभी एक छोटासा कंस होता. राहत्या घरांच्या पॉलिसीला हे लागू नाही, अशा अर्थाचे चार-पाच शब्द त्या कंसात होते. मी तो कंस दोनदा वाचूनही ओलांडून गेले होते. सर हसले आणि म्हणाले, "अगं, कंस सोडून वाचायचं नसतं. लिहिणाऱ्याला जे मोठ्यानं सांगायचं नसतं, ते तो कंसात सांगतो." त्या एका कंसाची किंमत दहा हजार रुपये होती. व्याकरणाच्या पुस्तकात विरामचिन्हांचे महत्त्व सांगणारी अनेक उदाहरणे मी वाचली आहेत; याहून चांगले अद्याप मिळालेले नाही.

दुसरी गोष्ट १६ लाखांची. हा आकडा आला कुठून? सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागितली. ती मागता येते, आणि मागितलीच पाहिजे. त्यात घराची किंमत म्हणून जो आकडा होता, तो बाजारभावाने जागेसकट होता. आता जमीन काही पुरात वाहून जात नाही आणि तिचा विमाही नव्हता. बाबांनी एका अभियंत्याकडून नुसत्या बांधकामाच्या किमतीचा दाखला घेतला. तो १० लाखांचा निघाला. म्हणजे ८ लाखांचा विमा अर्धा नव्हे, पाचांत चार हिस्से होता. १,६८,००० चे पाचांत चार हिस्से म्हणजे १,३४,४००. ७४,००० आणि १,३४,४०० यांतले अंतर ६०,४०० रुपयांचे. तेवढ्यात आमचा फरशीचा खर्च निघत होता.

पत्र सरांनी सांगितले आणि मी लिहिले. त्यात एकही विशेषण नव्हते. 'घोर अन्याय', 'गरिबाची पिळवणूक' असे काहीतरी घालावे असे मला फार वाटत होते. पण सरांनी घालू दिले नाही. कलमाचा क्रमांक, कंसातले शब्द, अभियंत्याचा दाखला, दोन ओळींचा हिशेब आणि शेवटी मागणी. महिनाभर उत्तर आले नाही. मग २०२० च्या जानेवारीत पुण्याच्या विमा लोकपालांच्या कार्यालयाकडे तक्रार धाडली. १९९८ च्या नियमांनी ही व्यवस्था आपल्या देशात आली आणि आता ती २०१७ च्या नियमांनुसार चालते. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीला लेखी कळवून महिनाभर वाट पाहायची आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करायची, एवढे पाळावे लागते. मध्यंतरी टाळेबंदी आली, सगळे ठप्प झाले. पुढे सुनावणी फोनवरून झाली. ती पंधरा मिनिटांत आटोपली, कारण कंपनीच्या प्रतिनिधीनेच कंस मान्य केला. बांधकामाचा दाखलाही मान्य झाला. त्या वर्षीच्या दिवाळीआधी पैसे आले.

कोणी म्हणेल, यात एवढे सांगण्यासारखे काय आहे? साठ हजार रुपयांसाठी वर्ष गेले. खरे आहे. पण आमच्या गल्लीत आणखी काही घरांना अशीच पत्रे आली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी पावतीवर सही केली होती. त्यांचे हिशेब बरोबर होते की चूक, हे मला सांगता येणार नाही, कारण कोणी ते वाचलेच नाहीत. आमच्याजवळ शब्दकोश असलेले एक सर होते, त्यांच्याजवळ नव्हते. न्याय मिळणे असे ओळखीपाळखीवर अवलंबून असावे काय, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कंपनीचा पैसा हा काही कुबेराचा खजिना नव्हे. ज्यांच्या घरात पाणी आले नाही अशा हजारो माणसांच्या हप्त्यांतून तो साठलेला असतो. मागेल त्याला मागेल तेवढे दिले, तर उद्या हप्ते वाढतील आणि विमा उतरवणे साध्या माणसाला परवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतीचे बावीस हजार आम्ही घेतले असते, तर ते कंपनीचे गेले नसते. कुठल्या तरी अनोळखी विमेदाराच्या खिशातून गेले असते. म्हणून 'न्याय्य' म्हणजे 'जास्तीत जास्त' असा अर्थ मी करीत नाही. न्याय्य म्हणजे ठरले असेल तेवढे: एक रुपया अधिक नाही आणि एक रुपया कमी नाही. घसाऱ्याचे ७२,००० आणि कमी विम्याचे ३३,६०० आम्ही निमूटपणे सोसले, कारण ते ठरलेले होते. कंसातले दहा हजार सोसायचे नव्हते, कारण ते ठरलेले नव्हते.

तसेच, घरात आलेले सगळेच पाणी विम्याच्या दृष्टीने एक नसते, हेही आपण समजून घेतले पाहिजे. नदीचे पाणी, तुंबून शिरलेले पाणी, अचानक फुटलेली टाकी वा नळ यांना घराच्या पॉलिसीत जागा असते. पण वर्षानुवर्षे स्लॅबमधून मुरणारी ओल, न डागडुजी केलेले छप्पर, जुनेपणाने झिजलेला गिलावा यांची भरपाई मागणे व्यर्थ आहे. तो अपघात नव्हे, तो आपला आळस. पाणी कुठून आले आणि केव्हा आले हे पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिले, तर निम्मे वाद उत्पन्नच होणार नाहीत.

मग तक्रार कोणाविरुद्ध? माझी तक्रार तीन ठिकाणी आहे. पहिली, विमा विकणाऱ्यांविरुद्ध. कर्जाबरोबर विमा गळ्यात बांधताना पॉलिसीची प्रत विमेदाराच्या हातात, त्याच्या भाषेत का देऊ नये? ज्या माणसाकडून मराठीत हप्ता घेता येतो, त्याला मराठीत कलम सांगता येत नाही काय? दुसरी तक्रार त्या 'पूर्ण व अंतिम' पावतीविरुद्ध. पुरात सर्वस्व भिजलेल्या माणसापुढे पैसे आणि पेन एकदम ठेवायचे, आणि हिशेब मात्र नंतर, मागितला तर द्यायचा, ही रीत मला बरी वाटत नाही. अशी सही फसवून वा दडपणाखाली घेतली असेल तर तेवढ्याने विमेदाराचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असेही २००९ च्या एका निकालात आहे. पण दडपण होते हे सिद्ध करण्यापेक्षा सही न करणे केव्हाही सोपे!

तिसरी तक्रार आपल्याच विरुद्ध आहे. नियम दिवसेंदिवस विमेदाराच्या बाजूचे होत आहेत, हे मान्य करायला हवे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना देणे भाग पाडले. तीत बांधकामाचे क्षेत्रफळ आणि दर खरे सांगितले, तर कमी विम्याची ती प्रमाणशीर कपात होत नाही. आणि घराच्या विम्याबरोबर घरातील सामानालाही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, संरक्षण मिळते. म्हणजे आईच्या शिवणयंत्राला अखेर 'घरा'त जागा मिळाली! २०२४ मध्ये तर दावा कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमावा, पंधरा दिवसांत अहवाल यावा आणि त्यानंतर सात दिवसांत निर्णय व्हावा, अशी मुदत घालून दिली गेली. लोकपालांची निवाड्याची मर्यादा ३० लाखांवरून ५० लाखांवर गेली. शिवाय ग्राहक आयोगाचे दार आहेच. तिथे दोन वर्षांच्या आत जाता येते. दारे इतकी उघडी आहेत. पण दारावरची पाटी वाचणार कोण?

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा आयर्विन पुलापाशी ५० फुटांच्या पुढे गेली. आमच्या घरात या वेळी चार फूट पाणी आले. पण या वेळी आम्ही वेगळी माणसे होतो. बाबांनी एप्रिलमध्ये नवी पॉलिसी घेतली होती आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर होती. मेमध्ये मी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मावशीला पाठवून ठेवले होते. पाणी शिरले त्याच दिवशी कंपनीला फोन केला आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घेतला. चिखल काढण्यापूर्वी पुन्हा फोटो काढले. भिजलेल्या वस्तू सर्व्हेअर येईपर्यंत फेकल्या नाहीत, अंगणात ओळीने मांडून ठेवल्या. यादी पुन्हा माझ्याच अक्षरात होती, पण ती वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "आता कुणी काही विचारू दे मला." सर्व्हेअरने दोन बाबी कमी केल्या, कारण सांगितले, ते आम्हांला पटले. महिना-दीड महिन्यात पैसे आले. आमचे दैव पालटले नव्हते; पालटले होते ते फक्त आमचे कागद.

आता या लेखाच्या मुद्द्याकडे येते. आपल्या महाविद्यालयात पूर आला की राष्ट्रीय सेवा योजनेचे आपण सारे फावडी घेऊन निघतो. ते पुण्यकर्म आहे आणि ते चालूच राहावे. पण चिखल निघाल्यावर आपण परत येतो, आणि माणसाची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घराघरांत एक बारीक टाइपातला इंग्रजी कागद येतो, त्याच्यापुढे गवंडी, शिंपी, भाजीवाली मावशी हतबल होऊन बसतात, आणि सही करून मोकळे होतात. फावडे कोणीही चालवील. तो कागद वाचणे हे आपले काम आहे. आपण तीन वर्षे कवितेतल्या एका शब्दाचे चार अर्थ लावायला शिकतो. एका कलमाचा एक अर्थ लावायला आपल्याला जमू नये?

माझी सूचना साधी आहे. पुराच्या दिवसांत महाविद्यालयाच्या आवारात एक टेबल असावे. त्यावर कोरे कागद, एक शब्दकोश, लोकपालांच्या कार्यालयाचा पत्ता आणि दोन विद्यार्थी. येणाऱ्याची पॉलिसी वाचून द्यायची, यादी लिहून द्यायची, पत्र लिहून द्यायचे. फी नाही, वशिला नाही. आणि पडलेली जुनी भिंत यादीत घालायची नाही, ही एकच अट. शिवाय मे महिन्यातच, पाऊस पडण्यापूर्वी, नदीकाठच्या घरांत जाऊन 'तुमची पॉलिसी कुठे आहे?' एवढे जरी आपण विचारले, तरी पुष्कळ काम होईल. आणि गुरुजनांना माझी नम्र विनंती अशी, की व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जाचे आणि जाहिरातीचे नमुने शिकवता शिकवता एक दिवस विम्याचे एक कलमही फळ्यावर लिहावे आणि त्याचे साध्या मराठीत रूपांतर करून घ्यावे. गुणांसाठी नव्हे, परीक्षा नदीच घेते.

सर गेल्या वर्षी वारले. त्यांचा शब्दकोश त्यांच्या मुलाने मला दिला. पुराचे पाणी त्याला कधी लागले नव्हते, पण पाने पिवळी पडली आहेत आणि पुष्कळ शब्दांसमोर पेन्सिलीने बारीक कंस काढलेले आहेत. टेबल मांडायचे ठरले, तर तो शब्दकोश मी आणीन. सोबत कोण येणार, तेवढे कळवावे.

— तृतीय वर्ष कला, मराठी विभाग